नासलेल्या दुधाची पारख : कल्याणी ते किल्लारी

मराठीत दुधाला विरजण लावले की दही लागते, दूध आटवले की खवा होतो, आणि दूध फाटले की ते ‘नासते’. हे शेवटचे क्रियापद बरे नव्हे. घरातले दूध नासले की आजही कुणाच्या तरी तोंडून चुकचुकल्याचा आवाज निघतो. अशा अशुभ क्रियापदातून जन्मलेला पदार्थ, म्हणजे पनीर किंवा चीज, किल्लारीच्या माणसाला आज लातूरच्या गोदामवजा दुकानात काचेच्या शीतपेटीत मांडलेला दिसतो. चार वेष्टने, चार भाव, रंग जवळजवळ एकच. त्यातले स्वस्त कोणते आणि खरे कोणते, हा प्रश्न आजचा वाटतो. प्रत्यक्षात तो या भूमीत निदान नऊशे वर्षे जुना आहे.

किल्लारीपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर बसवकल्याण आहे. आज ते कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात मोडते. अकराव्या-बाराव्या शतकांत ही कल्याणी, पश्चिम चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या नावावर ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ आहे. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ हा त्याचा काळ. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे, कारण त्यातील संगीताच्या प्रकरणात जुन्या मराठीतील काही पदे सापडतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापला गेला. संपादक होते श्रीगोंदेकर.

या ग्रंथात ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरण आहे. राजाने काय खावे, ते कसे शिजवावे, मांस कसे भाजावे, डाळीचे पदार्थ कसे करावेत, याचा तपशील त्यात येतो. त्यातच ‘क्षीरप्रकार’ या पदार्थाची कृती आहे. तापवलेल्या दुधात आंबट पदार्थ घालावा, दूध फाटले की घनभाग वेगळा करावा, त्यात तांदळाचे पीठ मिसळावे, आकार द्यावेत, तळावेत आणि गोड करावेत. आजच्या भाषेत हा छेना. रसगुल्ल्याच्या जन्मस्थानावरून बंगाल आणि ओडिशा यांच्यात जो वाद होतो त्यात कुणी कल्याणीचे नाव घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

या कृतीला इतिहासात वजन आहे. भारतीय अन्नाच्या इतिहासात बराच काळ एक सिद्धान्त प्रचलित होता: दूध मुद्दाम नासवणे हे येथील परंपरेला निषिद्ध वाटे, म्हणून चीजसारखा पदार्थ येथे रुजला नाही, सतराव्या शतकात बंगालात वसलेल्या पोर्तुगीजांनी छेना आणला आणि मग संदेश-रसगुल्ल्यांची परंपरा उभी राहिली. पोर्तुगीज वस्तीच्या ठिकाणी बंगालातील मिठाई विशेष चांगली मिळते, हे फ्रेंच प्रवासी बर्निये याने नोंदवलेही आहे. परंतु अन्नेतिहासकार के. टी. अचया यांनीच मानसोल्लासातील या कृतीकडे लक्ष वेधले. पोर्तुगीज गोव्यात उतरण्याच्या पावणेचारशे वर्षे आधी दख्खनच्या एका राजवाड्यात दूध मुद्दाम फाडले जात होते. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही ‘किलाट’ आणि ‘कूर्चिका’ असे फाटलेल्या दुधाचे प्रकार नावानिशी येतात. (किलाट आणि किल्लारी यांचा ध्वनी जुळतो म्हणून कुणी व्युत्पत्ती मांडू नये. तसा काहीही आधार नाही. जम्मूत ‘कलाडी’ नावाचे देशी चीज मिळते, त्याचाही या गावाशी संबंध नाही.)

मग निषेध नव्हता म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. राजाच्या स्वयंपाकघरातील एक कृती म्हणजे रयतेची सवय नव्हे. गावगाड्यात दुधाची वाट ठरलेली होती: विरजण, ताक, लोणी, तूप. या वाटेवर काहीच वाया जात नाही, कढवलेले तूप उन्हाळ्यातही महिनोन्‌महिने टिकते आणि ताकावर घर जगते. युरोपातील चीज ही थंड हवेची, लांब हिवाळ्याची आणि तळघरांची निर्मिती आहे. मराठवाड्याच्या वैशाखात चाळीस अंशांवर चीजची चक्की मुरवत ठेवणे हे कल्पनेतही कठीण. शिवाय युरोपी चीज जमवायला लागणारे रेनेट परंपरेने दूधपित्या वासराच्या जठरातून काढले जाई. वासराच्या जठराने विरजलेले दूध येथे कोणत्या घरात शिरले असते?

तरीही महाराष्ट्राने चीजचा एक भाऊबंद शांतपणे जपला. दही फडक्यात बांधून रात्रभर खुंटीला टांगायचे, पाणी निथळले की उरतो तो चक्का. दुग्धशास्त्राच्या वर्गीकरणात तो जर्मन क्वार्कसारख्या ताज्या, न मुरवलेल्या चीजच्या शेजारी बसतो. त्यात साखर-वेलदोडा पडला की श्रीखंड होते, म्हणून कुणी त्याला चीज म्हटले नाही. दूध येथे नासलेले नाही, विरजलेले आहे. भाषेने त्याला शुभाच्या बाजूला ठेवले.

मराठवाड्याने मात्र दुधाचा घनभाग साठवण्यासाठी तिसरीच वाट निवडली: आटवण्याची. दूध फाडायचे नाही, आंबवायचेही नाही, नुसते पाणी उडवायचे. हा खवा. धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी हा बालाघाटाचा पट्टा खव्याच्या भट्ट्यांसाठी ओळखला जातो, आणि जैनांचे सिद्धक्षेत्र असलेल्या कुंथलगिरीच्या नावाने तेथील खवा व पेढा दूरवर गेला. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या पट्ट्याचा भूगोल पाहिला की कारण उलगडते. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, शेतीला जोड म्हणून म्हैस. पण शहर लांब आणि दूध काही तासांचे सोबती. पाच लिटर दुधाचा किलोभर खवा झाला की तो टोपलीत बसतो, एस.टी.च्या टपावर चढतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारात विकला जातो. तळघर नसलेल्या मुलखाचे हे तळघर म्हणता येईल.

गुरांचीही गोष्ट येथे सांगायला हवी. लातूर जिल्ह्यातील देवणी गावाच्या नावाने ओळखली जाणारी देवणी गाय ही दूध आणि ओढकाम अशा दुहेरी उपयोगाची जात. नांदेडच्या कंधारची लाल कंधारी मुख्यत: ओढकामाची. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार आणि लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा येथे या जातींची पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. देवणीच्या वानेरा, बाळंक्या, शेवेरा या छटा अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखायच्या, दात मोजायचे, चाल पाहायची, आणि सौदा रुमालाखाली बोटांनी करायचा. जनावर पारखणाऱ्या समाजाला दूध पारखता येत नसेल असे नाही. खव्याची पारखही तशीच हाताची होती. तळव्यावर चोळला की तूप सुटले पाहिजे. गोळी वळली तर तिला चिरा पडता कामा नयेत. जिभेवर किंचित गोडी, दातांखाली पिठूळपणा नाही. पेढ्या-बर्फीसाठी घट्ट ‘पिंडी’, गुलाबजामसाठी ओलसर ‘धाप’, कलाकंदासाठी ‘दाणेदार’ हे प्रकार हलवायाला तोंडपाठ असतात; ओलावा जास्त म्हणजे खवा वाईट असे नव्हे, पण धापला पिंडीचा भाव मात्र द्यायचा नसतो.

या पारखीत एक अट दडलेली होती. विकणारा आणि घेणारा समोरासमोर असत, आणि पुढच्या आठवड्याच्या बाजारात पुन्हा भेटणार असत. विसाव्या शतकाने ही अट मोडली.

लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली. अडीच फुटी रुळांची ही गाडी निजामाच्या राज्यातील या कसब्याला बाहेरच्या बाजारपेठांशी जोडून गेली आणि लातूरचा मोंढा तेलबियांसाठी नावारूपाला आला. गंजगोलाईची वर्तुळाकार बाजारपेठ आणि तिच्यातून फुटणारे सोळा रस्ते ही त्याच भरभराटीची खूण. माल आता टोपलीने नव्हे, पोत्याने आणि डब्याने हलू लागला. शेंगदाण्याच्या तेलाच्या या दुनियेतच पुढे दुधाचा पहिला मोठा प्रतिस्पर्धी उभा राहिला.

तो म्हणजे वनस्पती तूप. तेलात हायड्रोजन मिसळून ते गोठवण्याची युक्ती युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. मुंबईच्या शिवडीत त्याचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. रंग, दाणा, डबा, सारे तुपासारखे. भाव तुपाहून बराच कमी. गरीब घराला तो परवडला, हे मान्य केले पाहिजे. सणाला तळण करायचे तर तूप आणणार कुठून? पण त्याच वेळी तुपाच्या डब्यात गुपचूप वनस्पती मिसळण्याचा धंदाही फोफावला. महात्मा गांधींनी वनस्पतीवर कडक टीका केली. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याची मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी आली नाही. त्याऐवजी शासनाने एक विलक्षण तोड काढली: प्रत्येक वनस्पती उत्पादकाने आपल्या मालात पाच टक्के तिळाचे तेल मिसळलेच पाहिजे. तिळाच्या तेलावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फर्फुरॉलची प्रक्रिया केली की गुलाबी-लाल रंग उमटतो. ही बॉदुआँ चाचणी. त्यामुळे तुपात वनस्पती मिसळलेली असेल तर परीक्षानळीच चहाडी करते. नकली वस्तूला बाजारात राहू द्यायचे, पण तिच्या अंगावर न पुसता येणारे गोंदण करायचे, असा हा कायदा होता. ग्राहकाच्या बोटांनी जे ओळखता येत नव्हते ते आता प्रयोगशाळा ओळखणार होती.

याच काळात दुधाचीही हातची पारख मागे पडली. स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गेर्बर याने १८९१ च्या सुमारास दुधातील स्निग्धांश मोजण्याची पद्धत काढली. आज मराठवाड्यातील कोणत्याही संकलन केंद्रावर सकाळी जी वाक्ये ऐकू येतात, ‘आज फॅट लागला नाही’, ‘एसएनएफ कमी आला’, ती त्या पद्धतीची दूरची नातवंडे आहेत. गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ, म्हशीसाठी ६ व ९, हे आकडे निरक्षर उत्पादकालाही पाठ असतात, कारण दर त्यावर ठरतो. मालाच्या प्रतवारीसाठी १९३७ चा कायदा झाला आणि त्यातून ‘अ‍ॅगमार्क’ आला. भेसळीविरुद्ध १९५४ चा कायदा आला. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भेसळीविरुद्धचे नियम एका छत्राखाली आणले.

चीज या सगळ्यात उशिरा आले, आणि आले तेही मूळ रूपात नाही. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील थून गावी वॉल्टर गेर्बर (हा वेगळा गेर्बर) आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी जुने चीज वितळवून त्यात सायट्रेट क्षार मिसळले. परिणामी ते फुटेना, तेल सोडेना आणि उष्ण हवेतही टिकू लागले. हेच प्रोसेस्ड चीज. ते डब्यात भरता येई, जहाजावर चढवता येई, लष्कराच्या शिध्यात देता येई. उष्ण देशांत चीज पोहोचले ते मुख्यत: या रूपात. आणंदच्या सहकारी संघाने १९६० च्या आसपास म्हशीच्या दुधापासून चीज बनवायला घेतले, तेव्हाही शीतसाखळी नसलेल्या देशात डबाबंद प्रोसेस्ड चीज हाच शहाणपणाचा मार्ग होता. पुढे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट आले आणि वासराच्या जठराचा प्रश्न मिटला. शाकाहारी घराची दारे चीजला खऱ्या अर्थाने तेव्हा उघडली. पुण्याजवळच्या मंचरसारख्या गावी आज मोठ्या प्रमाणावर चीज बनते.

मराठवाड्यात दुधाची ही आधुनिक वाट खडतर राहिली. उदगीरला सरकारी दूध भुकटी प्रकल्प उभारला गेला. तो बंद पडला. आणि किल्लारीवर तर आभाळ कोसळण्याऐवजी जमीनच फाटली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि धाब्याची मातीने लादलेली छते माणसांवर कोसळली. त्या वाड्यांत माणसे आणि जनावरे एकाच भिंतीआड राहत, म्हणून हजारो जनावरेही त्याच ढिगाऱ्यांखाली गेली. ज्या घरातून कर्ता माणूस आणि दुभती म्हैस दोन्ही गेली त्या घराचा दुधाचा हिशेब कोणत्याही नुकसानभरपाईच्या रकान्यात पूर्ण मावत नाही. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, बावन्न गावे नव्या जागी वसली. रांगेने आखलेले भूखंड, रुंद रस्ते, भूकंपरोधक घरे. जुन्या वाड्यातील गोठ्याला या शहरी धाटणीच्या आखणीत सहज जागा सापडली नाही. गावे सुरक्षित झाली, आणि पुष्कळ घरांत दूध विकत आणण्याची सवयही सुरू झाली.

योगायोग असा की त्याच १९९३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ‘प्राइस क्लब’ आणि ‘कॉस्टको’ या दोन गोदाम-दुकानांच्या कंपन्या एकत्र आल्या. सजावट नाही, मालाचे ठोकळे थेट फळ्यांवर, मोठी वेष्टने, कमी नफा आणि प्रचंड खप, हे त्यांचे सूत्र. महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच परकी नव्हती. नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये ‘अपना बाजार’ उभा केला होता. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळले: शेजारची काही कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, पंचायत घाऊक भावात माल घेते आणि संघाच्या दारात उतरवते. तेथे मालाची पारख संस्था करीत असे, आणि दोष निघाला तर जाब विचारायला ओळखीचा माणूस असे. गोदामवजा दुकानात हा माणूस नाही. फक्त वेष्टन आहे. त्यामुळे वेष्टनावरचे बारीक अक्षर हा आजचा ऐतिहासिक दस्तऐवज मानून वाचावा लागतो, आणि दस्तऐवज वाचताना इतिहासाचा विद्यार्थी जे पाहतो तेच पाहावे लागते: लिहिणारा कोण, काय म्हणतो आणि काय म्हणायचे टाळतो.

पहिला शब्द नावाचा. नुसते ‘चेडर’ लिहिले असेल तर नियमानुसार ओलावा ३९ टक्क्यांच्या आत आणि कोरड्या भागात दुधाचा स्निग्धांश किमान ४८ टक्के असावा लागतो. ‘प्रोसेस्ड चीज’ म्हटले की ओलावा ४७ टक्क्यांपर्यंत चालतो आणि स्निग्धांश किमान ४० टक्के. ‘चीज स्प्रेड’ म्हटले की ओलावा थेट ६० टक्क्यांपर्यंत. म्हणजे एकाच वजनाच्या दोन डब्यांपैकी स्प्रेडचा डबा स्वस्त दिसतो तेव्हा त्यातले बरेचसे पाणी असते. शंभर ग्रॅम प्रोसेस्ड चीजमध्ये किमान त्रेपन्न ग्रॅम घन पदार्थ, तर स्प्रेडमध्ये चाळीसच असले तरी कायदा मोडत नाही. पोळीला लावायला स्प्रेड घ्यावे, त्यात गैर काही नाही. धापला पिंडीचा भाव देऊ नये, एवढीच ती जुनी गोष्ट. अलीकडे वेष्टनावर दर ग्रॅमची किंमत छापलेली असते, तिने हा हिशेब सोपा केला आहे. मोठा ठोकळा नेहमीच स्वस्त पडतो असेही नाही, आणि पडला तरी उघडल्यावर बुरशी धरण्याआधी घरात संपणार आहे काय, हे पाहावे लागते. किसलेले चीज गुठळी होऊ नये म्हणून त्यावर बहुधा स्टार्च किंवा सेल्युलोज भुरभुरलेले असते. अखंड ठोकळा घरी किसला तर त्याचे पैसे वाचतात.

दुसरा शब्द घटकांच्या यादीतला. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचे बंधन आहे. पहिला शब्द ‘चीज’ किंवा ‘दूध’ असेल तर ठीक. ‘वनस्पती स्निग्ध पदार्थ’, ‘पाम तेल’, ‘स्टार्च’ पुढच्या रांगेत बसले असतील तर समोरची वस्तू वेगळी आहे. कायदा तिला ‘अ‍ॅनालॉग’ म्हणतो आणि तिच्यावर दुधाचे नाव मिरवायला मनाई करतो. म्हणून वेष्टनावर पिझ्झाचे मोठे चित्र असते, गाय नसते, आणि ‘चीज’ हा शब्द सरळ न येता आडवळणाने येतो. जे टाळले ते येथे सापडते.

खरी अडचण वेष्टन नसलेल्या पनीराची. येथे अंकगणित उपयोगी पडते, आणि ते भूमच्या भट्टीवरचेच अंकगणित आहे. म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधाचे किलोभर पनीर होते. गाईच्या दुधाचे याहून कमी निघते. दूध साठ रुपये लिटर धरले तर नुसत्या दुधाचेच तीनशे रुपये झाले. जळण, मजुरी, बर्फ, वाहतूक, दुकानदाराचा नफा अजून बाकी. मग दोनशे रुपये किलोने मिळणारे पनीर कशाचे? नियमाप्रमाणे पनीरात ओलावा ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि कोरड्या भागातील निम्मा तरी दुधाचा स्निग्धांश हवा. तो पाम तेलाचा असेल तर पदार्थ विषारी होतो असे नाही. पण तो पनीर उरत नाही, आणि ग्राहकाला तसे सांगितलेले नसते. मार्च २०२५ मध्ये नकली पनीराचा प्रश्न महाराष्ट्राच्या विधानसभेत गाजला तो या न सांगण्यामुळे.

किल्लारीच्या अंगाने पाहिले तर यात दोन माणसे फसतात. एक, औसा-निलंग्याकडून लातूरला शिकवणीसाठी आलेला, खोली करून राहणारा विद्यार्थी. मेसच्या ताटात आठवड्यातून एकदा पनीर पडते आणि प्रथिने मिळाली या समाधानात तो हात धुतो. दुसरा, त्याच्याच गावी पहाटे धार काढून केंद्रावर उभा असलेला बाप. तेलाचे एक किलो ‘पनीर’ विकले गेले की कुणाचे तरी पाच लिटर दूध मागणीबाहेर पडते. फॅट त्याच्या दुधाचा दशांशापर्यंत मोजला जातो. दर त्यावरच कापला जातो. मुलाच्या ताटातल्या पनीराचा फॅट मात्र कुणी मोजत नाही, आणि वनस्पतीच्या डब्यात जसे सक्तीचे तिळाचे तेल होते तसे कोणतेही गोंदण या पांढऱ्या वडीत नाही.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी तेवढी उरते. वडीचा तुकडा पाण्यात उकळून गार करावा आणि त्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिठाची भेसळ आहे. तेल यात पकडले जात नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

गंमत अशी की सोमेश्वराच्या ‘क्षीरप्रकारा’वर ते दोन थेंब पडले असते तर तोही निळा झाला असता. कल्याणीच्या मुदपाकखान्यात फाटलेल्या दुधात तांदळाचे पीठ मिसळलेच जात होते. फक्त ते कृतीत लिहिलेले होते, आणि ताटावर बसलेल्याला ते ठाऊक होते.